फेसलिफ्टचे फोटो पाहताना कानाकडे बघा

शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा असे फेसलिफ्टचे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असतील. आधीच्या फोटोत केस मागे बांधलेले, उजेड थेट वरून, चेहरा थकलेला. नंतरच्या फोटोत केस मोकळे, हलका मेकअप आणि एक बट कानावरून अलगद खाली आलेली. सगळे गालाकडे आणि जबड्याकडे बघतात. माझं लक्ष हल्ली त्या बटेकडे जातं. कारण काय उचललं, किती ओढलं आणि कुठे शिवलं, याचा सगळा हिशेब कानाभोवतीच्या दोन-तीन बोटांच्या जागेत लिहिलेला असतो, आणि नेमकी तीच जागा झाकलेली असते.

या शस्त्रक्रियेबद्दल सध्या बरंच बोललं जातंय. ‘डीप प्लेन’ हा फेसलिफ्टच्या एका पद्धतीचा, एरवी शस्त्रक्रियागृहातच राहिला असता असा शब्द मोबाइलवर सतत कानावर पडतो. शिवाय वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे ज्यांचं वजन भराभर घटलं, त्यांच्यापैकी अनेकांचे गाल बसले आणि गळ्याची कातडी सैल पडली. त्यामुळे पूर्वी ज्यांनी हा विचारही केला नसता असे लोक आता चौकशी करतात. चौकशीचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘व्रण दिसेल का?’ हाच असतो. उत्तर समजायचं तर आधी थोडं आत शिरावं लागेल.

चेहरा ओघळतो म्हणजे नेमकं काय होतं?

अस्तर लावलेला कोट डोळ्यांसमोर आणा. बाहेर कापड, मध्ये मऊ भरण, आत अस्तर, आणि हे सगळं ज्यावर टांगलंय तो हँगर. चेहऱ्यात बाहेरचं कापड म्हणजे कातडी, भरण म्हणजे चरबी आणि हँगर म्हणजे कवटीची हाडं. आतलं अस्तर म्हणजे तंतू आणि स्नायू यांचा एक पातळ पण चिवट पडदा. डॉक्टर त्याला ‘स्मास’ म्हणतात. लेखात पुढे मी त्याला अस्तरच म्हणणार आहे. हे अस्तर गालाच्या हाडाशी आणि जबड्याजवळ काही ठिकाणी घट्ट तंतूंनी टाचलेलं असतं. त्याच्या खालून चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या जातात. हसणं, डोळे मिटणं, ओठ मुडपणं हे सगळं त्यांच्याच जिवावर चालतं.

वय वाढतं तसं या सगळ्याच थरांत काही ना काही बिघडतं. हँगर झिजतो, म्हणजे डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात आणि जबड्याचं हाड आक्रसतं. गालाच्या वरच्या भागातली चरबी कमी होते, खालची सरकते. अस्तर सैल पडतं. पण टाचलेल्या जागा मात्र धरून राहतात, त्यामुळे वरून घसरलेलं भरण त्यांच्यापाशी अडतं आणि तिथे पिशवी तयार होते. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घळ आणि जबड्याच्या कडेला लोंबणारा गाल या दोन्ही गोष्टी अशाच होतात. गळ्यावर दिसणाऱ्या दोन उभ्या दोऱ्या म्हणजे तिथल्या रुंद, पातळ स्नायूच्या सुटलेल्या कडा.

कातडी स्वतः पातळ आणि कमी लवचीक होते ते वेगळंच. ऊन आणि सिगारेट यांचा त्यात मोठा वाटा असतो.

एवढं कळलं की फेसलिफ्ट काय करू शकत नाही तेही कळतं. डोळ्यांभोवतीच्या बारीक रेषा, वरच्या ओठावरच्या उभ्या चिरा, वांग, खडबडीतपणा या कापडाच्या तक्रारी आहेत. कोट कितीही सुरेख आवळला तरी विटलेलं कापड विटलेलंच राहतं. कपाळ आणि पापण्या यांच्यासाठी वेगळ्या शस्त्रक्रिया असतात. फेसलिफ्टचं क्षेत्र मुख्यतः गालाचा खालचा भाग, जबड्याची कड आणि गळा.

मग नुसती कातडी ओढून चालत नाही का?

सुरुवात तशीच झाली होती. बर्लिनचे शल्यचिकित्सक ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ मध्ये एका पोलिश उमरावघराण्यातल्या स्त्रीच्या आग्रहावरून कानाजवळची कातडी कापून चेहरा ताणला, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. पुढची बरीच दशकं शस्त्रक्रियेचा गाभा तोच राहिला: कातडी सोडवा, ओढा, जास्तीची कापा, शिवा.

अडचण अशी की कातडी ताणाला दाद देते. सतत ओढ दिली तर ती हळूहळू वाढते. गरोदरपणात पोटाची कातडी याच गुणामुळे पुरते. म्हणजे कातडीच्या बळावर उचललेला गाल काही काळाने पुन्हा खाली येणार. आणि तोवर ताण जातो कुठे? थेट शिवणीवर. तंग कपड्याची शिवण जशी उसवायला बघते, तशी ताणाखालची जखम भरताना रुंद होत जाते. कानाची पाळी खाली ओढली जाऊन गालाला चिकटल्यासारखी दिसते. केसांची रेघ मागे सरकते. चेहरा समोरून वाऱ्याचा झोत बसल्यासारखा दिसतो. ‘हिने काहीतरी करून घेतलंय’ असं जे दुरूनही ओळखू येतं, ते बहुतेक याच ओढीमुळे.

वळण आलं ते सत्तरच्या दशकात. स्वीडनच्या टोर्ड स्कूग यांनी १९७४ मध्ये कातडी आणि तिच्या खालचा थर मिळून उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये पॅरिसच्या मित्झ आणि पेरोनी यांनी त्या थराची रचना नीट वर्णन केली आणि त्याला स्मास हे नाव मिळालं. तेव्हापासून चांगल्या फेसलिफ्टचा मंत्र ठरला तो असा: ओझं अस्तराने उचलायचं, कातडीने फक्त वरून निवांत पसरायचं. अस्तर रबरासारखं सैलावत नाही, म्हणून परिणाम टिकतो. आणि कातडीवर ओढ नसल्यामुळे व्रण बारीक राहतो. लोक ‘शस्त्रक्रिया’ आणि ‘व्रण’ हे दोन वेगळे विषय समजतात. माझ्या मते व्रणाचं निम्मं नशीब शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ठरलेलं असतं, मलमाची नळी उघडण्याच्या कितीतरी आधी.

आज कोणकोणते पर्याय आहेत?

नावं डझनभर सापडतील, त्यातली कित्येक जाहिरातीसाठी काढलेली. अस्तराचं काय करतात एवढं विचारलं की गुंता सुटतो.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे अस्तर न कापता त्याची चुणी घालून टाके घेणं. ब्लाउज सैल झाला की शिंपी आतून चिमटा घेतो, तसंच. दुसऱ्या प्रकारात सैल अस्तराची एक पट्टी कापून काढतात आणि दोन्ही कडा जोडतात. तिसऱ्यात अस्तर काही अंतरापर्यंत सोडवून, वर खेचून, नव्या जागी बसवतात. आणि ज्याची इतकी चर्चा आहे त्या डीप प्लेन पद्धतीत सर्जन अस्तराच्या खाली उतरतो, त्या टाचलेल्या जागा मोकळ्या करतो आणि कातडी, चरबी व अस्तर एकत्र उचलतो. हे नाव रूढ झालं ते अमेरिकेच्या सॅम हामरा यांच्या १९९० च्या मांडणीनंतर. टाच सोडल्याशिवाय तिच्या पलीकडचं कापड सरकत नाही, हे शिंप्याला सांगावं लागत नाही. गालाच्या मधल्या भागासाठी या पद्धतीचा फायदा सांगितला जातो तो याच कारणाने. कातडी अस्तरापासून फारशी सुटी होत नसल्याने तिचा रक्तपुरवठाही चांगला राहतो. मात्र काम नसांच्या अगदी शेजारी चालतं, त्यामुळे हात तयार हवा.

‘मिनी’ किंवा छोट्या व्रणाची फेसलिफ्ट हाही एक पर्याय. बेल्जियमच्या टोनार्ड आणि व्हेरपेले यांनी अशीच एक पद्धत प्रचारात आणली, जिच्यात छेद कानाच्या पुढेच थांबतो आणि आतल्या मजबूत टाक्यांनी गाल वर टांगला जातो. कानामागचा व्रण वाचतो. पण गळ्याची कातडी बरीच सैल असेल तर तिला सरकायला जागा उरत नाही आणि पाळीखाली चुण्या पडतात. छोटा छेद हवा म्हणून छोटी शस्त्रक्रिया निवडणं हा उलटा न्याय झाला. कातडी किती आहे त्यावरून छेद ठरायला हवा.

गळ्यासाठी हनुवटीखाली आणखी एक लहान छेद घेऊन त्या उभ्या दोऱ्या मध्ये जोडतात. बसलेल्या गालात पोटाची किंवा मांडीची चरबी थोडी भरणं हेही आता अनेकदा सोबतच होतं, विशेषतः वजन घटलेल्यांमध्ये.

‘डीप प्लेन’च सर्वांत चांगली ना?

जाहिराती तसं म्हणतात खऱ्या. पण २००९ मध्ये एक फार रंजक निरीक्षण छापून आलं होतं. एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या, म्हणजे चार चेहरे. चार नामांकित सर्जननी त्यांच्यावर आपापल्या चार वेगळ्या तंत्रांनी फेसलिफ्ट केली आणि दहा वर्षं पाठपुरावा झाला. जुळ्यांत हाड आणि कातडी सारखीच, म्हणजे तुलना बरीच न्याय्य. निकाल? चारही चेहरे छान टिकले, पण हेच तंत्र श्रेष्ठ असं छातीठोक सांगता येईल इतका फरक दिसला नाही. चार चेहऱ्यांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. तरी तंत्राच्या नावापेक्षा ते कोणाच्या हातात सरावाचं आहे हे जास्त मोलाचं, असं म्हणायला ते पुरेसं आहे.

चाकू न लावता होत नाही का?

काही प्रमाणात. बोटॉक्स स्नायू सैल करून रेषा कमी करतो, फिलर खड्डा भरतो. ओघळलेलं मात्र दोन्ही उचलत नाहीत. फिलर भरभरून ओघळ झाकायला गेलं की चेहरा फुगतो. काटेरी दोऱ्यांनी गाल उचलण्याचा प्रकारही आहे. त्या दोऱ्या विरघळतात आणि परिणाम बहुधा वर्षभरात ओसरतो. ध्वनिलहरी किंवा रेडिओलहरींची यंत्रं कातडी थोडीफार आवळतात. ज्यांचं ओघळणं नुकतं सुरू झालंय त्यांना यातलं काही पुरेल. बाकीच्यांचा पैसा हप्त्याहप्त्याने जातो आणि जबड्याची कड होती तिथेच राहते.

छेद लपवतात तरी कुठे?

इथे सर्जनची कलाकुसर दिसते. छेद साधारणपणे कानशिलाजवळ केसांत किंवा केसांच्या कडेने सुरू होतो, कानाच्या पुढच्या नैसर्गिक वळणातून उतरतो, पाळीला वळसा घालतो, कानामागच्या घळीतून वर चढतो आणि मागच्या केसांत शिरतो.

कानाच्या भोकापुढे जो छोटा, कडक उंचवटा असतो, त्याच्या आतल्या कडेने छेद नेला तर तो समोरून जवळजवळ दिसत नाही. पुरुषांत मात्र पंचाईत होते: गालाची कातडी मागे सरकते, तिच्यासोबत दाढीही येते आणि त्या उंचवट्यावर केस उगवू लागतात. म्हणून पुरुषांत बऱ्याचदा छेद त्याच्या पुढे ठेवतात.

केसांच्या कडेने छेद घेताना पातं तिरकं धरायची युक्ती मला फार आवडते. असं केल्याने केसांची मुळं शिवणीखाली शाबूत राहतात आणि काही महिन्यांनी केस थेट व्रणातून वर येतात. व्रण असतोच, पण त्यातून केस उगवल्यावर तो शोधायचा कोणी? याउलट छेद पूर्ण केसांत घेतला आणि कातडी बरीच ओढली, तर व्रण लपतो पण कानशिलावरचे केस वर सरकतात. कोणती तडजोड कोणाला परवडेल हे केसांच्या ठेवणीवर ठरतं. केस नेहमी वर बांधणाऱ्या व्यक्तीने हे आधी सांगायलाच हवं.

धोके किती खरे?

सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साकळणं. ते बहुतेक पहिल्या २४ तासांत होतं, पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा जास्त प्रमाणात, आणि रक्तदाब काबूत नसेल तर धोका वाढतो. एका बाजूला अचानक वाढणारी सूज, ताणल्यासारखं घट्ट वाटणं, वाढत जाणारी वेदना ही त्याची लक्षणं. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजता असेल तरी फोन करायचा. साकळलेलं रक्त काढलं नाही तर वरची कातडी मरू शकते.

चेहरा हलवणाऱ्या नसेला कायमची इजा होण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. तात्पुरता अशक्तपणा त्याहून जास्त वेळा येतो आणि आठवड्या-महिन्यांत भरून निघतो. कानाच्या खालच्या भागाला संवेदना देणारी नस दुखावण्याची शक्यता त्यामानाने अधिक. गाल आणि कान काही आठवडे ते काही महिने बधिर राहणं तर अपेक्षितच धरायचं.

आणि तंबाखू. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. फेसलिफ्टमध्ये सोडवलेल्या कातडीला मुळात दुरून, मोजकंच रक्त मिळत असतं, सर्वांत कमी कानामागच्या टोकाला. त्यात निकोटीनची भर पडली की ते टोक काळं पडून मरतं आणि तिथे रुंद, ओबडधोबड व्रण राहतो. धूम्रपान करणाऱ्यांत हा धोका कित्येक पटींनी वाढतो. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद, असा सर्वसाधारण दंडक आहे. व्हेप, निकोटीनचे च्युइंगगम आणि पट्ट्याही त्यात आल्या. ‘मी फक्त एखादीच ओढतो’ हे डॉक्टरपासून लपवणारे लोक असतात. कातडीपासून ते लपत नाही.

रक्त पातळ करणारी औषधं, अगदी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई आणि जडीबुटीच्या गोळ्याही आधीच सांगून ठेवाव्यात. मात्र हृदयासाठी दिलेलं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

व्रण मुरायला वर्ष का लागतं?

जखम भरली आणि व्रण तयार झाला, इतकं ते सरळ नाही. पहिले काही दिवस शरीर साफसफाई करतं. तेव्हा जागा लाल आणि सुजलेली असते. मग तीन-चार आठवडे घाईघाईत बांधकाम चालतं. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे भराभर टाकले जातात, सुबकपणाची पर्वा न करता. पूर आल्यावर नदीवर तात्पुरता पूल टाकावा तसं. त्यानंतर सुरू होतो सर्वांत लांबलचक टप्पा. वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ, हे कच्चे धागे काढून त्या जागी पक्के, ओळीत लावलेले धागे बसवले जातात.

ताकदीचा हिशेब पाहिला तर हे नीट कळेल. तीन आठवड्यांनी जखमेत मूळ कातडीच्या २० ते ३० टक्केच बळ असतं. तीन महिन्यांनी ते ८० टक्क्यांच्या आसपास पोचतं, आणि तिथेच थांबतं. पूर्वीची पूर्ण ताकद कधीच परत येत नाही.

म्हणूनच एक गोष्ट आधी सांगून ठेवलेली बरी. टाके निघाल्यावर व्रण बारीक, फिकट रेघेसारखा दिसतो आणि माणूस खूश होतो. मग महिना-दोन महिन्यांत तोच व्रण जास्त लाल, थोडा कडक आणि खाजरा होतो. काही बिघडलंय असं वाटून लोक वेगवेगळी मलमं चोळायला लागतात. बहुतेकदा काहीच बिघडलेलं नसतं. आत बांधकाम ऐन भरात असतं एवढंच. तीन ते सहा महिन्यांत तो मऊ आणि फिका व्हायला लागतो.

पहिले दोन आठवडे

या काळात काम एकच: जखमेला ओढ लागू द्यायची नाही आणि ती कोरडी पडू द्यायची नाही. जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, खपली धरू द्यावी, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलंय. पण जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर ठेवलेली जखम वाळवलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. नवी कातडी ओलाव्यातून सरकत जाते. खपली असेल तर तिला खालून वाट काढावी लागते. म्हणून सांगितल्याप्रमाणे जखम हलक्या हाताने धुवायची आणि साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर ठेवायचा. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस समाधान देतो खरा, पण नव्या पेशींनाही मारतो.

झोपताना डोकं उंच. बाजूला बघायचं तर मानेऐवजी खांद्यांसकट वळायचं. डोक्यातून घालायचे कपडे टाळून पुढे बटणं असलेले घालायचे. चष्म्याची काडी नेमकी कानामागच्या टाक्यांवर बसते, तिची सोय आधीच विचारून ठेवावी. आणि केस वाळवायचं यंत्र गरम हवेवर मुळीच लावायचं नाही. कान आणि कानशील बधिर असतात, भाजलेलं कळत नाही. हा सल्ला अनेकांना फालतू वाटतो, पण तो खऱ्याखुऱ्या भाजण्यांमुळेच दिला जातो.

कानापुढचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात, कानामागचे आणि केसांतले १० ते १४ दिवसांत. पुढचे टाके लवकर काढण्यामागे कारण आहे: जास्त राहिले तर टाक्यांच्या आडव्या खुणा उमटतात आणि व्रण शिडीसारखा दिसतो.

टाके निघाल्यावर काय लावायचं?

आधी ऊन. कोवळ्या व्रणावर ऊन पडलं की तिथे रंगद्रव्य जमा होतं आणि तो आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळा पडतो. सावळ्या आणि गडद कातडीत हे जास्त होतं. एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन, शक्यतो झिंक ऑक्साइड असलेलं, वर्षभर. कानामागेही. पावसाळी ढगांचा भरवसा धरू नये.

मग सिलिकॉन. जेल किंवा पारदर्शक पट्टी. जखम पूर्ण बंद झाल्यावरच, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनंतर सुरू करायचं, दिवसाचे किमान १२ तास, दोन-तीन महिने. चेहऱ्यावर पट्टी टिकत नाही, म्हणून जेल सोयीचं. ते व्रणावर झाकणासारखं बसतं, कातडीतलं पाणी उडू देत नाही आणि आतल्या पेशींचा धागे टाकण्याचा सपाटा मंदावतो, असं मानलं जातं. याच्या पुराव्याचा दर्जा फार उच्च नाही हेही सांगायला हवं. पण धोका जवळपास शून्य आणि वापर सोपा, म्हणून बहुतेक डॉक्टर तोच सुचवतात, आणि मला तो व्यवहार पटतो.

मसाज तीन-चार आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. बोटाने व्रण दाबून हळू गोल फिरवायचं, दिवसातून दोन-तीनदा, काही मिनिटं. चोळायचं नाही.

व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावण्याचा सल्ला मात्र कोणी ना कोणी देणारच. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांनी एकाच व्रणाच्या अर्ध्या भागाला व्हिटॅमिन ई मिसळलेलं मलम आणि उरलेल्या अर्ध्याला साधं मलम लावलं. फायदा तर दिसला नाहीच, उलट सुमारे एक तृतीयांश लोकांना पुरळ आणि खाज आली. अभ्यास लहान होता, जेमतेम १५ रुग्णांचा. पण बाजूने बोलणारा याहून बरा पुरावा नसताना ताज्या व्रणावर तो प्रयोग कशाला?

व्रण फुगला तर?

दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे जाड झालेला व्रण. तो काही आठवड्यांत उंच आणि लाल होतो, पण मूळ रेघेच्या हद्दीत राहतो आणि वेळेनुसार बराच खाली बसतो. दुसरा किलॉइड. तो कधी कधी महिन्यांनंतर उगवतो, मूळ रेघ ओलांडून शेजारच्या निरोगी कातडीवर पसरतो आणि आपणहून सहसा जात नाही. गडद वर्णाच्या लोकांमध्ये तो जास्त आढळतो, आणि कानाची पाळी ही त्याची आवडती जागा. तुम्हाला किंवा जवळच्या नातेवाइकांना कान टोचल्यावर गाठ आली असेल, तर हा तपशील पहिल्याच भेटीत सांगा. कधी कधी त्यावरून शस्त्रक्रियाच नको असं ठरू शकतं, आणि तसं स्पष्ट बोलणारा डॉक्टर चांगला समजावा.

दोन्हींवर पहिला उपाय बहुधा व्रणातच दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, दर चार ते सहा आठवड्यांनी. लालपणा जात नसेल तर विशिष्ट लेसर. किलॉइड नुसता कापून टाकणं ही मात्र चूक आहे. केवळ कापल्यावर तो परत येण्याचं प्रमाण ४५ ते १०० टक्के सांगितलं जातं, आणि परतलेला आधीपेक्षा मोठा असू शकतो. म्हणून कापल्यावर इंजेक्शन, दाब किंवा किरणोपचार यांची जोड देतात.

व्रण फुगलेला नाही, नुसता रुंद आहे, किंवा पाळी खाली ओढली गेली आहे, असंही होतं. ते दुरुस्त होतं, बहुतेकदा जागेवरच भूल देऊन. पण कातडी मऊ आणि सैल व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणून नऊ महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. घाईने पुन्हा कापलं तर तोच ताण तीच शिवण पुन्हा रुंद करतो. आणि दुरुस्तीनंतर सनस्क्रीन, सिलिकॉन, मसाज हे सगळं त्याच वेळापत्रकाने पुन्हा पहिल्यापासून.